‘६२ एचआरसी’ कोरलेला वस्तरा आणि माझे १७,४६० रुपये

आधी हिशेब मांडतो, म्हणजे वाढवून सांगतोय असं कुणाला वाटायला नको. वस्तरा ९,४०० रुपये. ‘जपानी १२,००० ग्रिट’चा धार लावायचा दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) ४,६५० रुपये. चामडी पट्टा आणि हिरवी पेस्ट मिळून १,८५० रुपये. ‘पुन्हा धार लावून देण्याची’ फी १,२०० रुपये आणि त्या पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च ३६० रुपये. एकूण १७,४६० रुपये. शिवाय तो वस्तरा खोटा आहे हे सिद्ध करायला लॅबला दिलेले ७०८ रुपये, जीएसटीसकट, वेगळे.

असल्या फसवणुकीचा साचा तुम्हा सगळ्यांना ठाऊक असतो: स्वस्तात काहीतरी दाखवायचं, पैसे घ्यायचे, गायब व्हायचं. इथे तसं काही नव्हतं. माणूस गायब झाला नाही, फोन उचलायचा, ‘दादा, दादा’ करून बोलायचा. वस्तूही स्वस्त नव्हती. म्हणून तर हे लिहितोय. आपलाच हात चुकतोय असं तुम्हाला पटवून देऊन पुढचा माल विकणं, हा यातला खरा डाव आहे. वस्तरा, दगड, पट्टा, तबला, सतार, कॅमेऱ्याची जुनी लेन्स, जिथे जिथे हात बसायला वेळ लागतो तिथे हा डाव चालतो.

वस्तरा एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं: सोलिंगेन (सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं गाव), जर्मनी, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, घराण्यातला, दुरुस्त करून पाजळलेला. पात्यावर सुबक अक्षरांत कोरलेलं ‘६२ एचआरसी’, म्हणजे रॉकवेल ‘सी’ मापावरचा पोलादाच्या कडकपणाचा आकडा. मी काही आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. चांगल्या जर्मन वस्तऱ्याचं पोलाद रॉकवेल ‘सी’ मापावर साधारण ६० ते ६२ असतं, जपानी वस्तऱ्याचं, म्हणजे कामीसोरीचं, त्याहून थोडं वर, हे मी आधी वाचलं होतं. आकडा बरोबर, गावाचं नाव बरोबर, किंमतही शंका येण्याइतकी कमी नाही. अजून काय बघायचं ग्राहकाने?

आणि तरी सगळं त्या कोरलेल्या आकड्यातच होतं. आजही तो फोटो उघडला की डोकं फिरतं. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी अमेरिकेत या मापनयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९१४ साली, पेटंट मिळालं १९१९ साली. मग महायुद्धाच्या आधी घडवलेल्या वस्तऱ्यावर एचआरसीचा आकडा येईलच कुठून? हा प्रश्न मला पडला होता. मी त्याला विचारलाही होता, चॅट आहे माझ्याकडे. उत्तर आलं, ‘दादा, मूळ छाप झिजला होता. रिस्टोर करताना मशीनवर तपासून आम्ही नवीन कोरलं, तुमच्यासारख्या जाणकारांच्या खात्रीसाठी.’ उत्तर जागच्या जागी, न अडखळता. रोज हेच उत्तर देत असणार. त्यावर मी म्हणायला हवं होतं की तपासलंत ना, मग त्या मशीनच्या रीडिंगचा फोटो पाठवा. तुम्ही मागा. कोरलेला आकडा हा पुरावा नव्हे. लेझरचं यंत्र आज गल्लीबोळात आहे, त्यावर ७२ सुद्धा कोरून मिळेल.

‘सोलिंगेन’ या नावाचंही तेच. १९३८ पासून जर्मनीत त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, तिथे न घडलेल्या पात्यावर ते टाकता येत नाही. पण तो कायदा जर्मनीचा. इथे कुणी विचारत नाही.

वस्तरा आला. पहिल्या दिवशी डाव्या गालावर छान चालला. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच माणूस अडकतो. मऊ पोलादालाही धार लागते, दगडावर तर भराभर लागते. लागलेली धार टिकत नाही, हा त्याचा दोष. उजव्या गालावर येईस्तोवर केस ओढायला लागला, हनुवटीवर तर सोलवटलंच. दहा पटीच्या भिंगाखाली धार धरली. जिथे काळी, न चमकणारी रेघ दिसायला हवी होती तिथे मध्ये मध्ये चकाकी होती. धार एका बाजूला कलली होती. पट्ट्यावर ओढली की सरळ व्हायची, परत दाढीचे चार खुंट कापले की कलायची.

त्याला कळवलं. म्हणाला, हात बसायला महिना लागतो, तुमचा कोन चुकतोय, पट्ट्यावर जोर देताय. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच घासायचं असतं, कोन त्याच्या घडणीतच ठरलेला असतो, मग माझा कोन चुकेल कसा? हेही विचारलं. म्हणाला, तुमचा दगड भरड आहे, १२,००० चा घ्या. तो त्याच्याकडे होताच. ‘बाजारात घेतलात तर कमिशन जातं, मला डायरेक्ट यूपीआय करा, स्वस्तात देतो.’ पहिली खरेदी बाजारावर आणि पुढच्या सगळ्या बाहेर. हे ऐकलंत की तिथेच थांबा, वस्तू कोणतीही असो. त्या दगडाने पात्यावर ओरखडे उमटायचे, भिंगाशिवाय दिसतील एवढे. १२,००० च्या दगडानंतर पातं आरशासारखं व्हायला हवं. मग पट्टा घ्या, मग पेस्ट घ्या, मग आमच्याकडे पाठवा, आम्हीच धार लावून देतो. या सगळ्यात बाजाराची सात दिवसांची परतीची मुदत केव्हाच उलटली. मुदत उलटावी म्हणूनच तो ‘महिना लागतो’ म्हणत होता. मी शिकाऊ होतो, शिकणाऱ्याने धीर धरायचा असतो, एवढंच मला माहीत होतं, आणि त्याने नेमका तोच धीर वापरला.

खरं काय ते सांगितलं आमच्या भागातल्या जुन्या सलूनवाल्या काकांनी. आता तेही अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा वापरतात, पण हात जुना. त्यांनी पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून थोडं दाबलं, उजेडात तिरकं धरलं आणि मला दाखवलं. धार नखावरच वाकली होती. ‘साहेब, याला नीट पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून, विझवून कडक केलेलं नाही. तुम्ही काय, माझ्या वडिलांनी घासला असता तरी हा लागला नसता.’

मग एका ओळखीच्या दादांच्या भोसरीतल्या टूलरूममध्ये गेलो. त्यांनी वस्तऱ्याच्या शेपटीचं, म्हणजे पात्यामागच्या बोटाने धरायच्या भागाचं, टोक ग्राइंडरला लावलं. भरपूर कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या आणि भरपूर फुटणाऱ्या असतात. याच्या आखूड, तांबूस, न फुटता विझणाऱ्या. स्टेनलेस. तरीच पावसाळ्यात बेसिनवर ओला राहूनही त्यावर डाग पडला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचं कार्बनचं पोलाद असतं तर सकाळपर्यंत तपकिरी ठिपके आले असते. (चुंबक लावून बघू नका, काही कळत नाही. सुऱ्या-वस्तऱ्यांच्या स्वस्त स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं.)

रॉकवेलच्या यंत्रात १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूत दाबतात आणि तो किती रुतला यावरून आकडा ठरतो. शेपटीवर आकडा आला ४७. विक्रेत्याला पाठवला तर म्हणतो, शेपटी मुद्दाम मऊच ठेवतात. यात तथ्य आहे, बऱ्याच चांगल्या वस्तऱ्यांची शेपटी पात्याइतकी कडक नसते. म्हणून मी वस्तराच कापला. पाण्याच्या धारेखाली, तापू न देता, कारण घासताना पोलाद निळं पडेपर्यंत तापलं तर कडक असलेलंही मऊ होतं. धारेजवळच्या कापावर मायक्रो-व्हिकर्स चाचणी (कडकपणा मोजायची दुसरी पद्धत) केली. आकडा ४७२, म्हणजे रॉकवेलचे पुन्हा ४७ च. खरोखर ६२ असतं तर व्हिकर्सचा आकडा ७४० च्या वर यायला हवा होता. ४७ म्हणजे साध्या स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षाही मऊ. अशा पोलादाची एका मायक्रॉनहून बारीक धार दाढीच्या खुंटांपुढे उभी राहूच शकत नाही. उलटं टोकही वाईटच. फार कडक करून नीट टेम्पर न केलेली (म्हणजे नंतर बेताने तापवून ठिसूळपणा न घालवलेली) धार कलत नाही, तिचे कपचे उडतात. पण तो प्रश्न यायला मुळात नीट पाणी दिलेलं असावं लागतं.

रिपोर्ट घेऊन तक्रारी सुरू केल्या, आणि खरा संताप तिथून पुढे. ऑनलाइन बाजाराच्या ग्राहक सेवेने सांगितलं, मुदत संपली. मी म्हटलं, हा नापसंतीचा प्रश्न नाही, माल बनावट आहे. मग म्हणाले, तपासणीचा अहवाल द्या. दिला. तर उत्तर आलं, ‘आपण उत्पादनात बदल केल्याने परतावा लागू नाही.’ म्हणजे न कापता पुरावा नाही आणि कापला तर परतावा नाही! प्रत्येक वेळी फोनवर नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. त्या जागी फक्त एक आडवी रेघ आहे, याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर आजतागायत उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.’ दुसरे म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी गेलेला नाही, तुम्ही स्थानिक ठाण्यात जा. खोटं सांगून माणसाला पैसे द्यायला लावणं म्हणजेच फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ दुसरं काय सांगतं? मी कलम दाखवलं तर टेबलामागचे साहेब हसले. ‘दाढीच्या वस्तऱ्यासाठी एवढं?’ नऊ हजार चारशेच्या मोबाईलसाठी आलो असतो तर हसले असते का? रक्कम तीच, पैसा तोच, कष्टाचा. तीन ओळींचा अर्ज घेऊन पोच द्यायलाही खळखळ केली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी उठलो नाही.

बँकेने सांगितलं, व्यवहार ग्राहकाने स्वेच्छेने केला, आम्ही काही करू शकत नाही. पैसे गेल्या गेल्या १९३० ला फोन लावला तर रक्कम गोठवण्याची काही शक्यता असते. मला कळेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. तुमच्यावर आली तर आधी तो फोन करा, विक्रेत्याशी वाद नंतर घाला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. दोन वर्षांची मुदत आहे. हे मला ठाण्यात, बँकेत, ग्राहक सेवेत कुणीही सांगितलं नाही, स्वतः कायदा वाचून शोधावं लागलं.

वस्तरा घ्यायचाच असेल तर समोर बसून नखावर धार बघून घ्या, नाहीतर पक्कं बिल देणाऱ्याकडून घ्या. ‘दमास्कस’ नक्षीला भुलू नका, बऱ्याचदा ती वरवर कोरलेली असते आणि बारीक पॉलिश पेपर फिरवला की निघून जाते. खऱ्या थराच्या पोलादावर फेरिक क्लोराइड लावलं की नक्षी परत उमटते. आणि नव्या वस्तऱ्याची धार चार खुंटांत गेली तर परतीच्या मुदतीतच परत करा. हात बसायची वाट नंतर बघा.

त्या विक्रेत्याचं दुकान नाव बदलून अजून चालू आहे, फोटो तेच आहेत. एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. कुणी असा आकडा कोरलेला ‘महायुद्धाआधीचा’ वस्तरा घेतला असेल तर पार्सलवरचं लेबल, चॅट आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, वस्तरा कापण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मला कळवा.