कोल्हापूर–हैदराबाद विमान: सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

माझी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. निजामाबादच्या बाजारासाठी हैदराबादला जाणं होतं. पूर्वी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचो, आता कंबर ऐकत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून जाणारं थेट विमान धरतो आणि माझ्यापुरतं सांगायचं तर ही सेवा टिकायलाच हवी.

कोल्हापूर ते हैदराबाद सरळ हवाई अंतर ४४५ किलोमीटरच्या आसपास. विमान पंख्याचं, एटीआर ७२, ताशी ५०० च्या घरात उडणारं. हिशेबाने तासाच्या आत पोचायला हवं, पण तिकिटावर वेळ सव्वा तासाच्या पुढेमागे असते. ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंत जाणं-येणं त्यातच आलं. पुण्याहून हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर, तिथलं जेट जास्त वेगाचं, तरी वेळ जवळपास तेवढीच. खरा फरक जमिनीवर पडतो. सांगलीहून पुण्याचं लोहगाव विमानतळ २४० किलोमीटर, उजळाईवाडी जेमतेम ५०. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली करत सव्वा-दीड तासात पोचतो. पुण्याला जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

नवीन टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. छोटं विमानतळ असल्यामुळे गेटपर्यंत फार चालावं लागत नाही, वयस्कर माणसांना हे फार सोयीचं. विमानात मागच्या दाराने चढायचं, दोन-दोनच्या रांगा, मधली सीट नाही. पंखे पुढच्या बाजूला असल्याने तिथे घरघर जास्त, म्हणून मी मागची खिडकी घेतो. पंख वर असल्याने खालचं सगळं दिसतं. उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि जत-विजापूरकडचं रान सुरू होतं. वरचे कप्पे लहान आहेत, मोठी बॅग सरळ सामानात टाका.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आपण ५० किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि विमान पुन्हा मिरजेच्या अंगाने पूर्वेलाच निघणार! सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी तशीच पडून आहे. द्राक्षं, बेदाणा, हळद असा माल पिकवणाऱ्या जिल्ह्याला स्वतःचं विमानतळ मिळायला हवं, हे मी जीव तोडून सांगतो.

हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरल्यावर काम शहरातच असेल तर फायदा पुरेपूर, शहरात जाणारी पुष्पक बस मिळते. निजामाबाद मात्र तिथून आणखी २०० किलोमीटर. तिकडे जाणाऱ्याचे तास फारसे वाचत नाहीत, रात्रीची झोप तेवढी वाचते. मला तेवढ्यासाठीही पैसे द्यायला परवडतं, कारण भाव ठरवताना डोकं ताजं लागतं.

वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, जुन्या वेळेवर विसंबू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. पाणी इशाऱ्याच्या वर चढत असेल तर मी आदल्या दिवशीच कोल्हापुरात मुक्कामाला जातो.