जर्मनीतला मागरक्वार्क: कोशिंबिरीला पुरा, श्रीखंडाला अर्धा

जर्मनीत नव्याने आलेल्या शाकाहारी माणसाचं ताट हळूहळू ब्रेड, पास्ता आणि बटाट्यावर येऊन थांबतं. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. रोज कुकर लावणं जमत नसेल, तर सुपरमार्केटच्या फ्रिजमधला मागरक्वार्क, म्हणजे साय काढलेल्या दुधाचा दह्याहून घट्ट क्वार्क, हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय. १०० ग्रॅममध्ये साधारण १२ ग्रॅम प्रथिनं, चरबी जवळजवळ नाहीच. २५० ग्रॅमचा छोटा डबा म्हणजे ३० ग्रॅम प्रथिनं. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात, आणि ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० लागतात.

डबा उचलताना लेबल नीट बघा. 'दावोन त्सुकर' म्हणजे 'त्यापैकी साखर'. समोर ४ ग्रॅम असेल तर ती दुधातलीच, काळजी नको. फळांच्या क्वार्कमध्ये मात्र साखर वरून घातलेली असते. तो रोजच्या नाश्त्याला नको. शेजारच्या डब्यावरचे ४० टक्के बघून दचकू नका. 'फेट इ. टीआर.' म्हणजे पाणी वगळून उरलेल्या घन भागातली चरबी. प्रत्यक्षात १०० ग्रॅममागे ती १०-११ ग्रॅम भरते. क्वार्क लावताना विरजणाबरोबर बहुधा थोडं रेनेटही (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालतात आणि घटकांच्या यादीत ते लिहिलेलं असेलच असं नाही. वासराच्या पोटातलं रेनेट चालत नसेल, तर 'मिक्रोबिएलेस लाब' किंवा 'व्हेगेटारिश' असं लिहिलेलाच डबा घ्या.

कोशिंबिरीत हा दह्यापेक्षा सरस ठरतो. २५० ग्रॅम क्वार्कमध्ये १०० मिली दूध घालून गुठळ्या मोडेपर्यंत घुसळा. काकडी चोचवून, मीठ लावून, दहा मिनिटांनी पिळून घाला. वर हिंग-जिरं-मिरचीची फोडणी. डब्यात भरून ऑफिसात नेली तरी दुपारपर्यंत फारसं पाणी सुटत नाही.

श्रीखंडात मात्र नुसता मागरक्वार्क फसतो. चरबी नसल्यामुळे ते जिभेवर खडूसारखं कोरडं लागतं. दुसरी चूक डब्यातल्या क्वार्कमध्ये थेट साखर घालण्याची: क्वार्क चक्क्याइतका निथळलेला नसतो, साखर पडली की पाणी सुटतं आणि श्रीखंड पातळ होतं. अर्धा मागर आणि अर्धा ४० टक्केवाला एकत्र करा, फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली भांडं, वर थोडं वजन, आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळी ५०० ग्रॅममागे १०० ते १२५ ग्रॅम पिठीसाखर, मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. केशर-वेलची नेहमीसारखी. खाली जमलेलं पाणी कणीक भिजवायला वापरा.

कढीला क्वार्क आणू नका. उकळताना तो फुटून कण कण होतो आणि आंबटपणाही पुरत नाही. कढीसाठी 'बुटरमिल्ख', म्हणजे ताक, घ्या, अर्ध्या लिटरला दोन चमचे बेसन लावा, सतत ढवळा.

सगळ्यात आवडावा असा प्रकार मात्र तिथलाच आहे. जर्मनीच्या पूर्वेला लाउझित्स भागात सालासकट उकडलेले बटाटे क्वार्क आणि जवसाच्या तेलाबरोबर खातात. आपल्या जिभेला जवस परका नाहीच. गरम बटाटा फोडायचा, दुधाने सैल केलेला क्वार्क, बारीक कांदा, मीठ, आणि तेलाऐवजी दोन चमचे जवसाची चटणी. भाकरी नसलेल्या दिवशी हे पूर्ण जेवण होतं. तेलच आणलंत, तर ते तापवू नका, फोडणीला तर नाहीच. लहान बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर काही आठवड्यांत संपवा. कडवट लागू लागलं की टाकून द्या. क्वार्कचा उघडलेला डबा तीन दिवसांत संपवावा. वर साचलेलं पिवळसर पाणी निवळीचं असतं, ते ढवळून घ्या. गुलाबी छटा किंवा बुरशी दिसली तर अख्खा डबा फेका.