मिनी ट्रॅक्टरचं ५ फुटी टेरेस ब्लेड: घ्यावं का अन् बसवावं कसं

ज्याच्याकडं १५ ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर हाय अन् ज्याच्या वावरात जायला पांदणीशिवाय रस्ता नाही, त्यानं मागचं ब्लेड, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लावून माती ओढायचं अन् सपाट करायचं टेरेस ब्लेड, घ्यावंच, माझं मत एवढं स्पष्ट हाय. माझ्याकडं महिंद्राचा जिवो २४५ हाय, २४ एचपी, फोर व्हील, मोर्शीकडं थोडी संत्रा अन् बाकी पऱ्हाटी-तूर. ब्लेड एका वर्कशॉपवाल्याकडून बनवून घेतलं, २५ हजाराच्या आत पडलं, अन् एक पूर्ण उन्हाळा अन् एक पावसाळा वापरून मंग लिहून राह्यलो.

पहिली गोष्ट रुंदीची, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. वर्कशॉपवाला ६ फुटीवरच अडून बसला होता, म्हणे भाऊ एका फेरीत जास्त काम होते. ते खरं नाही. ब्लेड सरळ लावून माती ओढायची असंन तर रुंदी पूर्ण मिळते, पण पांदणीत आपण ब्लेड तिरपं लावतो, म्हणजे माती एका अंगाला सरकत जाते, अन् तिरपं केलं की रुंदी कमी होते. ३० अंशात ५ फुटाचं म्हणजे ६० इंचाचं ब्लेड ५२ इंच साफ करते, ४५ अंशात तर ४२ इंचच. माझ्या ट्रॅक्टरची मागच्या टायरांची बाहेर-बाहेर रुंदी ४ फुटाच्या आत भरते, म्हणून ५ फुटी ब्लेड ३० अंशात लावलं तरी दोन्ही टायरच्या बाहेर निघते अन् टायर आपणच साफ केलेल्या जागेवर चालते. हा हिशोब आपापल्या ट्रॅक्टरचा टेप लावून करा. ६ फुटी घेतलं की काळ्या मातीत भरलेलं ब्लेड ओढताना मिनी ट्रॅक्टर जागेवरच चाक फिरवते, लिफ्ट उचलते पण टायरची पकड पुरत नाही.

मी घ्यायच्या आधी युट्युबवर कॅनडा-अमेरिकेतले बर्फ काढायचे व्हिडिओ लय पाह्यले. तिकडं एटीव्ही नावाची चारचाकी गाडी राहते, तिच्या समोर ब्लेड लावतात. गाडीच्या पोटाखाली फ्रेमला एक प्लेट बोल्टनं कसतात, तिथून दोन दांड्या समोर निघतात अन् ब्लेड विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरखीनं, वर-खाली होते. रुंदीचा हिशोब त्यांचाही हाच, तिरपं केल्यावर चाकाच्या बाहेर गेलं पाहिजे. दोन गोष्टी मले त्यातल्या फार पटल्या. एक म्हणजे ब्लेडच्या मागं स्प्रिंगा असतात, दगड लागला की पातं पुढं झुकते अन् दगडावरून निघून जाते, गाडीले झटका बसत नाही. दुसरी म्हणजे दोन्ही टोकांना खाली चपटे बूट असतात, गिट्टीच्या रस्त्यावर ते थोडे खाली सोडले की पातं जमिनीच्या जरा वर राहते अन् गिट्टी खरवडून नेत नाही. आपल्या इकडच्या ब्लेडले यातलं काहीच येत नाही. बूट मी गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतले, खालीवर करायला तीन-तीन छिद्रं ठेवली, अन् मुरूम टाकलेल्या पट्ट्यात त्याचा एवढा फायदा झाला की ब्लेड घेणाऱ्या प्रत्येकाले हेच सांगतो. स्प्रिंगा बसवणं इथं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून पहिला गिअर अन् कमी स्पीड, दुसरा इलाज नाही.

आता बसवण्याचं. ब्लेड ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांवर बसते, खालच्या दोन लिंक अन् वरची मधातली टॉप लिंक. त्याले कॅटेगरी १ ची, म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या मापाची पिन पाहिजे, खालच्या दोन २२ मिमीच्या अन् टॉप लिंकची १९ मिमीची. काही वर्कशॉपवाले मोठ्या ट्रॅक्टरची २८ मिमीची पिन लावून ठेवतात, ती आपल्या लिंकच्या बॉलमध्ये जातच नाही, म्हणून ट्रॅक्टर घेऊनच जा अन् तिथंच लावून पाहा. ब्लेड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, ट्रॅक्टर रिव्हर्स घ्या, डावी लिंक आधी लावा, मंग उजवी, कारण उजव्या अंगाले लेव्हलिंगचा रॉड असते तो फिरवून उंची जुळते, अन् टॉप लिंक शेवटी. खालच्या लिंका डुलू न देणारी चेक चेन दोन्हीकडून कसा, ढिली राह्यली की ब्लेड डावी-उजवीकडं डुलते अन् रस्त्यावर लाटा पडतात. सिमेंटच्या खळ्यावर उभं करून दोन्ही टोकांची उंची टेपनं मोजा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

टॉप लिंक हीच या कामाची चावी हाय बावा. लांबवली की पात्याची धार पुढं येते अन् जमीन खाते, आखूड केली की माती नुसती पसरवते. पहिल्या फेरीत खायला लावायची, शेवटच्या फेरीत आखूड करून सपाट करायची. ज्या ट्रॅक्टरले ड्राफ्ट अन् पोझिशन असे दोन लिव्हर हायेत त्यानं पोझिशनवरच काम करावं, त्यात लिफ्ट लावलेल्या उंचीवरच राहते, ड्राफ्टवर ठेवलं तर जोर आला की लिफ्ट आपोआप वर घेते अन् रस्ता उंच-खोल होते. अन् उचललेल्या ब्लेडखाली हात-पाय घालू नका, उतरायच्या आधी ब्लेड जमिनीवर टेकवा.

तक्रार एकच, पण मोठी. ब्लेड तिरपं करायची जी मधातली प्लेट असते तिच्या छिद्रात बुश, म्हणजे पिन ज्यात बसते ती लोखंडी नळी, दिलेलाच नव्हता. पहिल्याच सीझनमध्ये छिद्र वाढलं, पिन खडखडायला लागली अन् ३० अंशात लावलेलं ब्लेड चालता चालता हलायला लागलं. फोन केला तर आज पाठवतो, उद्या पाठवतो. शेवटी गावातच बुश बसवला, तेव्हापासून एकदम टाईट. घेताना पिन टाकून हातानं ब्लेड हलवून पाहा, आताच खडखडत असंन तर घेऊ नका. खालचं पातंही वेल्डिंगचं नको, बोल्टचं घ्या, एक धार झिजली की पलटवून दुसरी वापरता येते. कोणी जुन्या ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं लावून देतो म्हणते, लोखंड कडक असते हे खरं, पण ते वेल्डिंगजवळ तडकते, तेही बोल्टवरच पाहिजे.

काम कसं होते? आमची पांदण उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी फाटलेली राहते अन् जूनमध्ये त्याच चाकोऱ्यात पाणी थांबते. काळी माती वाळली की दगड, भिजली की पात्याले चिकटते, म्हणून वाफसा पाहून उतरायचं, पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवसांनी. त्या टायमाले माती पात्याच्या पोटातून गुंडाळत चालते, तिरप्या टोकावरून बाहेर पडते अन् चाकोरी भरत जाते, ते पाहत राहावंसं वाटते. धुऱ्याच्या अंगानं सुरू करून मधात माती आणायची, मधात उंच अन् दोन्ही कडा उतरत्या, म्हणजे पाणी कडेच्या नालीत जाते. शेजारचे काका म्हणत होते, "काहून एवढी मेहनत, जेसीबीवाला येईन नं." जेसीबी एकदा येते अन् जाते, चाकोऱ्या दर पावसात पडतात. त्या पावसाळ्यात आमची पऱ्हाटीची फवारणी वेळेवर झाली ती रस्ता चालू होता म्हणून, अन् नंतर काकांनीही त्यांच्या अंगाची बाजू करून घेतली.

शेणखत ओढायला, खळं सपाट करायला ब्लेड चांगलंच हाय. संत्र्याच्या बागेत मात्र सांभाळून. ६ बाय ६ मीटरच्या लागवडीत मिनी ट्रॅक्टर आरामात फिरते, म्हणून मोह होते, पण संत्र्याच्या खाणाऱ्या मुळ्या वरच्या वरच राहतात, झाडाच्या घेराखाली ब्लेड घातलं की त्या कापल्या जातात. अन् माती खोडाकडं अजिबात ढकलू नका, कलमाचा जोड मातीत गेला की डिंक्या आलाच समजा. दोन ओळींच्या मधातच चालवा.

अनुदान पाहायचं असंन तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज करा अन् पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका, आधी घेतलेल्या अवजाराले पैसे भेटत नाहीत. गावच्या वर्कशॉपच्या मालाले तपासणीचा रिपोर्ट नसते, त्यामुळं अनुदानात घ्यायचं असंन तर रिपोर्टवालं कंपनीचंच पाहा. तिथंही बुश अन् बोल्टचं पातं, हे दोन तपासल्याशिवाय सही करू नका.