माकडांच्या हाकांचा क्रम मोजायला ‘प्रात’ सॉफ्टवेअर: मोफत आणि भक्कम, पण आधी सेटिंग बदला

नायजेरियातल्या गशाका गुमती राष्ट्रीय उद्यानात पुटी-नोज्ड माकडांचा नर काही ‘प्याव’ हाकांना ‘हॅक’ हाका जोडतो, तेव्हा बहुधा कळप जागा सोडून निघतो. केट अर्नोल्ड आणि क्लाउस झुबरब्यूलर यांनी २००६ मध्ये हे दाखवलं. अशा अभ्यासात हाकेइतकाच तिचा क्रम आणि दोन हाकांमधली शांतता मोजावी लागते. त्यासाठी अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं ‘प्रात’ हे आवाज तपासण्याचं सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. मात्र ते माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेलं आहे.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या फ्रीक्वेन्सीचा आवाज आहे ते दाखवणारं चित्र. त्याची विंडो, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा, मुळात ०.००५ सेकंदांची असते. तुटक ‘हॅक’ची सुरुवात तीत नेमकी दिसते, पण चिंपांझीच्या ‘हू’मधल्या हार्मोनिक रेषा, म्हणजे मूळ सुराच्या पटींतल्या सुरांच्या आडव्या रेघा, एकमेकींत मिसळतात. विंडो ०.०३ केली की बँडविड्थ (एकमेकींत मिसळणाऱ्या फ्रीक्वेन्सींचा पट्टा) सुमारे २६० हर्ट्झवरून ४३वर येते आणि रेषा सुट्या होतात. हाकेचा प्रकार अशा विंडोत ठरवा, सीमा मात्र छोट्या विंडोत आखा. पिचची, म्हणजे सुराच्या उंचीची, वरची मर्यादाही वाढवा. पँट-हूट या चिंपांझींच्या लांब हाकेतल्या टिपेच्या किंकाळ्या १००० हर्ट्झच्या वर जातात. मर्यादा अपुरी असली तर पिचची रेघ एक सप्तक खाली पडते किंवा उमटतच नाही. पडद्यावर दहा सेकंदांहून लांब तुकडा आला की स्पेक्ट्रोग्राम गायब होतो. फाइल बिघडलेली नसते, ‘लाँगेस्ट अ‍ॅनालिसिस’ हे सेटिंग तेवढं वाढवायचं.

खरी ताकद टेक्स्टग्रिडमध्ये, म्हणजे आवाजाखाली खुणा आणि नावं लिहायच्या तक्त्यात आहे. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे टियर. एका टियरवर हाका, दुसऱ्यावर संपूर्ण मालिका. एंटर दाबला की सीमा पडते. एका टियरवरचे इंटरव्हल (दोन सीमांमधले तुकडे) एकमेकांवर चढू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक प्राण्याला वेगळा टियर द्या. नाहीतर दोघांच्या हाका एकाच मालिकेत गुंफल्या जातात आणि नसलेला क्रम सापडतो. मालिका कुठे तुटली हे कानावर सोडू नका: सगळ्या शांततांचा हिस्टोग्राम (कोणत्या लांबीच्या किती, याचा स्तंभालेख) काढून किती लांब शांततेला मालिका तुटली म्हणायचं ती मर्यादा ठरवा, मगच मोजणीला बसा. जंगलातल्या प्रतिध्वनीने हाकेचा शेवट लांबलेला दिसतो आणि पुढची शांतता आखूड भरते. म्हणून एका हाकेच्या सुरुवातीपासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर जास्त विश्वासाचं.

टेक्स्टग्रिड आपोआप सेव्ह होत नाही, हा मोठा दोष. आणि कल्लोळात अनेक प्राणी एकदम ओरडत असतील तर कॉर्नेल विद्यापीठाचं ‘रेव्हन’ हे सॉफ्टवेअर बरं: त्यात वेळ आणि फ्रीक्वेन्सी दोन्हींची चौकट आखता येते, चौकटी एकमेकींवर आल्या तरी चालतात. रेव्हन लाइट मोफत आहे, प्रोला पैसे पडतात.