महासाथीच्या काळातील एका शाळेची दूरशिक्षण सेवा : एका पालकाचे परीक्षण

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर काही दिवसांतच माझ्या मुलीची शाळा बंद झाली. एप्रिलपर्यंत १९० हून अधिक देशांत हीच स्थिती होती आणि युनेस्कोच्या नोंदीनुसार सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद होते. मुलगी तेव्हा चौथीत होती. पुढची जवळजवळ दोन वर्षे शाळेने जे शिक्षण घरपोच केले, त्याचे हे परीक्षण आहे. अशा प्रसंगाची तयारी कोणाचीच नव्हती हे मला मान्य आहे. तरीही परीक्षण लिहावेसे वाटते, कारण या व्यवस्थेतील काही गोष्टी शाळेने पुढेही चालू ठेवल्या, काही सोडून दिल्या, आणि माझ्या मते ही निवड करताना तिची चूक झाली.

पहिल्या दीड महिन्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. रोज सकाळी पालकांच्या गटावर स्वाध्यायाची पाने येत आणि आम्ही ती मुलांकडून सोडवून घेत असू. ती कोणी तपासत नव्हते.

त्यानंतर व्हिडिओवरचे वर्ग सुरू झाले. शाळेने वर्गातले वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर आणले, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी ओळीने पाच तासिका पडद्यासमोर बसून काढायच्या. त्या काळात अशा सेवांवर किती ताण आला होता, हे झूमच्या आकड्यांवरून कळते : डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला सुमारे १ कोटी असलेली सहभागींची संख्या एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. अनोळखी माणसे वर्गांत घुसण्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडल्यावर त्या कंपनीने एप्रिलच्या सुरुवातीला पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष मोफत खात्यांसाठी आपोआप लागू केले. आमच्या शाळेने सुरक्षिततेची ही बाजू नीट सांभाळली : प्रत्येक मुलाला नाव पाहूनच वर्गात घेतले जाई आणि वर्गाची लिंक बाहेर पाठवू नये, हे पालकांना वारंवार सांगितले जाई.

हजेरीचा नियम मात्र चुकीचा होता. कॅमेरा सुरू असेल तरच हजेरी लागे. एकाच खोलीत चार माणसे राहतात, अशा घरातल्या मुलाला मागे चाललेले सगळे वर्गाला दाखवावे लागे; ते टाळण्यासाठी माझ्या मुलीच्या दोन मैत्रिणी वर्गालाच येईनाशा झाल्या. ज्या घरात एकच फोन होता आणि तो कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर जात होता, तिथे तर या नियमाला काही अर्थच उरत नव्हता. २०२० च्या अखेरीस युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ३ ते १७ वयोगटातील दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. वर्गशिक्षिकांनी हा प्रश्न लावून धरल्यामुळे चार महिन्यांनी नियम बदलला आणि पूर्ण केलेल्या कामावरून हजेरी धरली जाऊ लागली. या बदलाचे श्रेय मी त्यांनाच देतो.

या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट त्याच सुमारास आणि तंत्रज्ञानाचा काहीही गाजावाजा न होता सुरू झाली. प्रत्येक शिक्षकाने आठ-आठ मुले वाटून घेतली आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला साधा फोन करायला सुरुवात केली. बाई आधी वहीतल्या कामाचे फोटो पाहून ठेवत आणि मग वीस मिनिटे त्याच कामावर बोलत. माझी मुलगी हातच्याची वजाबाकी महिनाभर चुकवत होती. पाच तासिकांच्या पडद्यावर ते कोणाला दिसले नव्हते, मलाही दिसले नव्हते. बाईंनी तिला एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला लावले आणि दुसऱ्याच पायरीला थांबवून विचारले, ‘आता हा दशक कुठून घेतलास?’ त्या एका प्रश्नाने चूक सापडली. बोत्स्वानामध्ये शाळा बंद असताना प्राथमिकच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगातही नुसत्या लघुसंदेशांचा विशेष उपयोग झाला नाही, पण संदेशांबरोबर दर आठवड्याला फोन केल्यावर गणितात स्पष्ट सुधारणा दिसली. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

शाळा पुन्हा उघडताना मास्क, उघड्या खिडक्या आणि अर्धा वर्ग एक दिवसाआड हे नियम शिस्तीने पाळले गेले. परंतु वर्गात बसलेल्या मुलांना आणि घरी असलेल्या मुलांना एकाच शिक्षिकेने एकाच वेळी शिकवावे, हा निर्णय दोन्हीकडच्या मुलांवर अन्याय करणारा होता. फळ्यावर लिहिले की घरच्यांना दिसत नसे, आणि पडद्याकडे पाहून बोलले की समोरची मुले ताटकळत. असा प्रयोग कोणत्याही शाळेने पुन्हा करू नये, असे मला मनापासून वाटते.

याउलट, नवे पाठ्यपुस्तक हाती देण्यापूर्वी मागच्या दोन इयत्तांच्या गणिताची आणि वाचनाची चाचणी घेऊन सहा आठवडे केवळ उजळणी करण्याचा निर्णय दूरदृष्टीचा होता. नेदरलँड्समध्ये इंटरनेटची सोय उत्तम असूनही सुमारे आठ आठवड्यांच्या बंदनंतर मुलांचे जवळपास एक पंचमांश शालेय वर्षाइतके नुकसान आढळले, आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे त्याहून अधिक. आमच्या वर्गातही उजळणीची सर्वाधिक गरज कॅमेऱ्याच्या नियमामुळे वर्गाबाहेर पडलेल्या मुलांनाच लागली.

सध्या शाळेने व्हिडिओ तासिकांची सोय सुट्ट्यांच्या दिवसांसाठी कायम ठेवली आहे आणि पाठांची ध्वनिचित्रमुद्रणे आजारी मुलांसाठी उपलब्ध आहेत. त्यांपैकी मुद्रणे खरोखर उपयोगी पडतात. साप्ताहिक फोन मात्र शाळा उघडताच बंद झाले. निदान मागे पडलेल्या मुलांसाठी तरी ते पुन्हा सुरू करावेत आणि त्यासाठी शिक्षकांच्या वेळापत्रकातून दोन तासिका मोकळ्या द्याव्यात, अशी लेखी विनंती आम्ही अकरा पालकांनी मुख्याध्यापकांकडे केली आहे.