जुनो-६० की जुनो-१०६? पुण्यात घेण्याआधी

रोलँडचे दोन्ही सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारे कीबोर्ड) सहा आवाजांचे, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजवणारे, ६१ पट्ट्यांचे. जुनो-६० १९८२ चा, जुनो-१०६ १९८४ चा.

आवाजात मला ६० च उजवा वाटतो. त्यात आर्पेजिएटर (दाबून धरलेले सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) आहे, १०६ मध्ये नाही. पण ६० ला मिडी (वाद्य संगणकाला किंवा दुसऱ्या वाद्याला जोडायची प्रमाणित पद्धत) नाही, १०६ ला आहे. ६० च्या मागे डीसीबी ही रोलँडची जुनी जोडणी असते, ती मिडीला जोडायला कन्व्हर्टर लागतो. प्रीसेट (साठवून ठेवलेले ध्वनी) ६० मध्ये ५६, १०६ मध्ये १२८.

१०६ घेताना खरी परीक्षा ८००१७ए चिपची, म्हणजे सुराचा पोत आणि जोर ठरवणाऱ्या चिपची. प्रत्येक आवाजाला एक, म्हणजे सहा. त्यांच्यावरचा रेझिनचा थर जुना झाला की वीज झिरपते; मग एखादा सूर करकरतो, गायब होतो किंवा थांबतच नाही. 'की ट्रान्सपोज' दाबून ठेवत यंत्र सुरू करा, एकेक पट्टी वाजवा. पडद्यावर आवाजाचा क्रमांक दिसतो, दोषी चिप लगेच सापडते. ॲसिटोनमध्ये थर मऊ करून काढता येतो, पण नवी पर्यायी चिप बसवणं जास्त भरवशाचं.

जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं. थेट आपल्या २३० व्होल्टला लावलं तर पॉवर सप्लाय जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पुण्याच्या पावसाळ्यात स्लायडर खरखरतात, म्हणून यंत्राच्या केसमध्ये ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा.

रोज संगणकाला जोडून वाजवायचं असेल तर चिपा बदललेला १०६ घ्या.