लिथियमच्या नावाखाली शिसं

लातूरच्या अडत बाजारात तूर-सोयाबीन मोजायच्या काट्यावर आम्ही गाडीची बॅटरी ठेवली आणि आकडा आला २९ किलो. खोक्यावर छापलेलं होतं ‘लिथियम, १२ व्होल्ट, १०० एएच’ (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). एवढ्या क्षमतेची लिथियम बॅटरी ११ ते १३ किलोची असते. भाचा म्हणाला, “मामी, ह्यात शिसं हाय.” मी तिथंच पोत्यावर बसले. ३६,००० रुपये मोजले होते आम्ही त्या खोक्याचे.

आमच्याकडे जुनी फोर्स ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीटा काढून आत पलंग, गॅसची शेगडी, १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज बसवून घेतला, टपावर सोलरच्या दोन प्लेटा. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिच्यातूनच फिरतो. खरोसा लेणी, तेर, औंढ्या नागनाथ, परळी. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. घराची म्हणजे १५० एएचची ट्युब्युलर, पाणी घालायची शिसं-ॲसिडची बॅटरी, जेमतेम तीन वर्षं वापरलेली.

नळदुर्गला मुक्कामी असताना रात्री दिवे मंद झाले आणि फ्रीज बंद पडला. माझं इन्शुलिन त्यात होतं, त्यामुळं मी घाबरले. सकाळी हायवेवरच्या पहिल्या बऱ्या दिसणाऱ्या गॅरेजात गाडी घातली. गॅरेजवाल्यानं फ्रीज, दिवे, पंखा सगळं चालू करायला लावलं. मग मीटरची एक तार बॅटरीला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला टेकवली. “मावशी, बॅटरी बसली. बघा, अकराच दाखवायलंय.”

इथं थांबून नीट सांगते, कारण सगळी मेख इथंच आहे. मीटरच्या दोन्ही तारा बॅटरीच्याच दोन टर्मिनलला लावायच्या असतात. एक तार पत्र्याला लावली की बॅटरीबरोबर मधल्या अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, वायरचं दुखणंही त्या आकड्यात येतं. आणि लोड चालू असताना, रात्रभर वापरलेल्या बॅटरीचा आकडा खालीच असणार. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करायची, सगळं बंद ठेवून काही तास तशीच राहू द्यायची आणि मग बघायचं. शिसं-ॲसिडची चांगली बॅटरी तेव्हा १२.६ ते १२.७ दाखवते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मीटरवरचा आकडा डोळ्यांनी दिसला, म्हणून तो खरा वाटला.

“लिथियम टाका, उन्हाळ्यात पाणी बघायची कटकट नाही,” असं तो म्हणाला. जुनी बॅटरी ३,००० रुपयांत वळती करून घेतली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी कशाला भरता. पावतीवर फक्त ‘बॅटरी १ नग’ आणि ‘एअर फिल्टर नवा’. पैसे ज्या खात्यावर घेतले त्याचं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हतं. ह्यांनी मला ते दाखवलं होतं. मीच म्हणाले, असू द्या, उशीर व्हायलाय.

दोन महिने ठीक गेले. एप्रिलमध्ये नवी बॅटरी रात्र काढेना. तेव्हा भाच्याला बोलावलं. तो शेतकऱ्यांचे सोलर पंप बसवतो, तारांमधलं त्याला कळतं. बॅटरी उचलताच त्याच्या कपाळाला आठी पडली. मीटर लावलं. पूर्ण चार्ज लिथियम सगळं बंद असताना १३.३ च्या आसपास दाखवते, ही १२.७ वर थांबली. मग काटा झाला, मग व्हिडिओ चालू ठेवून खोकं उघडलं. आत साधी सीलबंद शिसं-ॲसिडची बॅटरी, बाजूनं थर्माकोल.

पण मला खरा राग आला तो त्यानंतर. भाचा गाडीखाली गेला आणि चेसीवरचा अर्थिंगचा बोल्ट दाखवायला त्यानं मलाही वाकायला लावलं. आजूबाजूला जुना गंज होता आणि बोल्टाखाली मात्र कोरी, चकचकीत लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी. म्हणजे खरा बिघाड गंजलेल्या अर्थिंगचा होता. गॅरेजवाल्याला तो सापडला होता, त्यानं तो पन्नास-शंभर रुपयांत दुरुस्तही केला होता, आणि आमची चांगली बॅटरी काढून घेतली होती. एअर फिल्टर उघडला तर तोच जुना, हवा मारून परत बसवलेला, घड्यांमध्ये धूळ तशीच.

परत गेलो तर म्हणाला, “तुम्ही खोकं उघडलं, वॉरंटी गेली.” १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पुढं जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. पक्कं बिल नसल्यानं काट्याची चिठ्ठी, व्हिडिओ आणि पैसे दिल्याची नोंद एवढाच आमचा आधार आहे.

तेव्हापासून घरात एकच चर्चा होती, गाडीचं काम स्वतः करायचं की नाही. हे म्हणाले, सगळंच शिकू. मला ते पटलं नाही. ब्रेक, स्टिअरिंग, गॅसची जोडणी यांना आम्ही हात लावत नाही, तिथं चूक झाली तर जीव जातो. पण बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड कधीच नाही), टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसून वरून व्हॅसलिन, अर्थिंगचे बोल्ट, प्लेटांवरची धूळ, एअर फिल्टर, टायरची हवा हे आता घरीच होतं. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे मी स्वतः बघते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून गाडीच्या तळाची जाळी कधी बुजू देत नाही.

बाहेर काम द्यायच्या आधी त्या भागावर रंगाचा ठिपका देते आणि नंतर जुना भाग परत मागते, म्हणजे तोच आहे का ते कळतं. टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचते. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

तुमच्याकडे असं जड ‘लिथियम’ असेल तर ते एकट्यानं उघडू नका. आधी काट्यावर ठेवून चिठ्ठी घ्या, मग दोन माणसं समोर ठेवून, व्हिडिओ चालू करून उघडा. आणि ते खोकं भंगारात देऊ नका. आमचं पलंगाखाली ठेवलं आहे, पुढच्या तारखेला आयोगासमोर घेऊन जायचं आहे.